चार बोटं केवडा

बोरिवलीला नॅशनल पार्कच्या फाटकासमोर बसने मला उतरवलं तेव्हा सकाळचे सात वाजत आले होते. एका हातात कोकमसोलांची पिशवी, दुसऱ्या हातात कुळथाच्या पिठाची, आणि खांद्यावरच्या थैलीत कातर, दाभण, सुतळीचं रीळ आणि माझी छोटी कोयती. एकसष्टाव्या वर्षी माणूस मुंबईला जातं ते गुडघ्याच्या डॉक्टरकडे नाहीतर लग्नाला. मी आले होते ऑस्ट्रेलियातल्या एका बाईची चटई पुरी व्हायला मदत म्हणून. वेंगुर्ल्यात हे सांगून कुणाला पटलं नसतं. म्हणून भाचीकडे चार दिवस राहायला जाते, एवढंच सांगून निघाले होते.

भाची म्हणजे ऋचा, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. अंधेरीच्या एका कलादालनात ती प्रदर्शनं भरवायचं काम करते. शनिवारी रात्री तिचा फोन आला, तोच रडक्या आवाजात. "मावशी, वाट लागलीय यार. तू ये ना प्लीज."

"काय झाला तां तरी सांग गो," मी म्हटलं. (काय झालं ते तरी सांग.)

झालं होतं ते असं. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ॲबोरिजिनल लोकांच्या विणकामाचं प्रदर्शन पुढच्या शनिवारी उघडायचं होतं. त्यांची एक विणकर बाई अर्धवट चटई घेऊन आली होती. ती दालनात बसून लोकांसमोर पुरी करणार होती. चटई कलावस्तू म्हणून विमानतळावरून सुटली, पण ती विणायला आणलेल्या सुक्या पानांच्या जुड्या आणि रंगाची मुळं परदेशी वनस्पती म्हणून तपासणीत अडकली. दालनाचा एक माणूस रोज तिथे खेपा घालत होता आणि रोज त्याला नवा कागद आणायला सांगत होते. "तू चौतीस वर्षं कार्यानुभव शिकवलास," ऋचा म्हणाली, "गवत, काथ्या, पात्या, सगळं तुझ्या हाताखालून गेलंय. काहीतरी शोधून दे ना."

मला कुणी 'तुला येतं' असं म्हटलं की मी हुरळते. हा माझा जुना दोष.

आंघोळ आणि चहा उरकून आम्ही मेट्रोने अंधेरीला निघालो. मेट्रो हायवेच्या डोक्यावरून जाते. डावीकडे पार्काचे हिरवे डोंगर, खाली गाड्यांची रांग. उतरल्यावर ऋचाने एका हॉटेलात उसळपाव खायला घातला. तिखट इतकं की माझं नाक वाहायला लागलं, तरी तर्री आणखी मागून घेतली.

खरं सांगायचं तर दालनात शिरताना माझ्या मनात किंचित तुच्छताच होती. टोपल्या आणि चटया! त्या काय बघायच्या? आमच्या बाजारात बुरुडाकडे ढिगाने पडलेल्या असतात. आत पाऊल टाकलं आणि मान वर गेली.

छताला एक कासव टांगलेलं होतं, बैलगाडीएवढं. केशरी, निळ्या, हिरव्या नायलॉनच्या जाळ्यांचं. ऋचाने सांगितलं की मासेमारीची टाकून दिलेली जाळी त्यांच्या किनाऱ्याला येऊन लागतात, त्यांत कासवं अडकून मरतात. तिथल्या बाया ती जाळी पाण्यातून ओढून काढतात आणि त्यांचीच कासवं विणतात. पलीकडे पुरुषभर उंचीचा मासे धरायचा सापळा उभा होता. आपल्याकडे ओढ्यात चढणीचे मासे धरायला बांबूचा लावतात तसाच, पण वेलींचा, आणि इतका नाजूक की त्याची सावलीसुद्धा विणल्यासारखी दिसत होती. एका कोपऱ्यात पानांचं विणलेलं कुत्रं होतं. एक कान उभा, एक पडलेला, चेहऱ्यावर भाव असा की आत्ता आपल्या हातातली भाकरी पळवेल. मी मोठ्याने हसले.

"ते माझं कुत्रं," मागून कोणीतरी इंग्रजीत म्हणालं. "घरी आहे. खरं कुत्रं याच्याहून वाईट आहे."

ही ग्रेस. साठी ओलांडलेली, पांढरे कुरळे केस, फुलाफुलांचा सैल झगा, पाय अनवाणी. माझं इंग्रजी शाळेतल्या परिपत्रकांपुरतं. तेव्हा ऋचा मध्ये बसून दोन्ही बाजूंचं बोलणं सांगत राहिली. ऋचा तिला 'ग्रेस आंटी' म्हणत होती. त्यांच्याकडेही मोठ्या बाईला आंटीच म्हणतात, हे ऐकून मला बरं वाटलं. ग्रेसने मला 'टीचर' म्हणायला सुरुवात केली.

तिने गुंडाळलेली चटई जमिनीवर उलगडली. मोठी गोल चटई. मध्यातून सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनी वाढत गेलेली. पिवळा, तांबडा, मातकट, पुन्हा पिवळा. जवळून पाहिलं तर प्रत्येक फेऱ्यात दोन पाती एकमेकांना पीळ घालत चालली होती. मी बोटांनी टाके मोजायला गेले आणि विसाव्या टाक्याला हरले. कडेला सगळीकडे पात्यांची सुटी टोकं लोंबत होती.

"मधला भाग आईचा," ग्रेस म्हणाली. "विणता विणता तिची नजर गेली. तरी ती बोटांनी विणत राहिली. हे इथपर्यंत." तिने एक तांबडा फेरा दाखवला. "मग बोटं दुखायला लागली, तेव्हा माझ्या हातात दिली. म्हणाली, पुरी कर आणि दूरच्या लोकांना दाखव. पण आमच्या आईची एक ताकीद आहे. सुट्या टोकांची चटई भिंतीवर लावायची नाही. पुरी नाही झाली तर मी गुंडाळून परत नेणार."

"किती राहिलीय?" मी विचारलं.

तिने कडेला हात आडवा ठेवला. चार बोटं.

चार बोटं ऐकायला थोडी वाटतात, पण तेवढ्या मोठ्या गोलाला चार बोटं म्हणजे हजारो टाके. ऋचाचा चेहरा पडला. दालनातली मधली मोठी भिंत याच चटईसाठी रिकामी ठेवली होती. तिच्याहून जास्त मला त्या न पाहिलेल्या म्हातारीचं वाईट वाटलं. डोळे गेल्यावरही तिने जे सोडलं नाही, ते एका कागदापायी गुंडाळलेलं परत जायचं?

मी विचारलं, पानं कसली? ग्रेसने फोनवर झाडाचा फोटो दाखवला. लांब करवतीसारखी पानं, पिळासारखी वर चढत गेलेली, आणि खाली टेकू दिल्यासारखी मुळं.

"अगो, ह्यो तर केवडो!" मी ओरडलेच. (अगं, हा तर केवडा!)

"केवडा? अत्तरवाला?" ऋचाला फक्त बाटली माहीत.

सख्खा नसेल, चुलत भाऊ तरी नक्की. आमच्याकडे खाडीच्या कडेला त्याची बनं आहेत. फूल महादेवाला चालत नाही, बुंध्यात साप असतो, म्हणून लहानपणी त्याच्या जवळ गेलो की पाठीत धपाटा. कणीस काढावं आणि पळावं, एवढाच त्याचा माझा संबंध. चौतीस वर्षं मी पोरींना काथ्या वळायला शिकवलं, पण केवड्याच्या पानाकडे एकदाही बघितलं नाही.

केवडा मुंबईत कुठे, तेही मला आठवलं. खूप वर्षांपूर्वी शाळेची सहल गोराईला नेली होती, तेव्हा खाडीच्या अंगाला दाट केवडा पाहिला होता. "उद्या आणून देतंय," मी छातीठोकपणे सांगितलं. ग्रेस काहीतरी विचारत होती, पण ऋचाने आनंदाने मला मिठी मारली आणि ते राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी ऋचाला काम होतं म्हणून मी एकटीच निघाले. बोरिवली पश्चिमेहून रिक्षाने जेट्टी आणि तिथून फेरीबोट. ऑक्टोबरचं ऊन सकाळी नवालाच चटके देत होतं. पलीकडे सोनेरी पॅगोडा चमकत होता, दोन्ही काठांना तिवरं, चिखलात बगळे. शेजारच्या माणसाने विचारलं, "मावशी, पॅगोड्याला?"

"नाही, केवड्याला," मी म्हटलं. तो थोडा सरकून बसला.

केवडा होता. एका कोळीवाड्याच्या मागे, बांधावर, जसा आठवला तसाच. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मी पदर खोचला, कोयती काढली आणि शेंडेच्या शेंडे सपासप उडवले. हातांना ओरखडे पडले, पदर फाटला, पण दुपारी बोटीत चढले तेव्हा माझ्या डोक्यावर भलीमोठी मोळी होती आणि लोक वाट करून देत होते. इतकी खूश मी निवृत्तीच्या दिवशीही नव्हते.

दालनात जाऊन मोळी ग्रेससमोर टाकली. वाटलं, बाई आता उडीच मारेल. तिने एक पान उचललं, वास घेतला, नखाने कड सोलून बघितली. डोळे चमकले. मग तिने पान परत मोळीवर ठेवलं.

"कुणाचं आहे?"

"कुणाचं म्हणजे? रानातलं आहे. कुणाचंच नाही."

"कुणाचं तरी असणार," ती म्हणाली. "तू कुणाला विचारलंस?"

मी ऋचाकडे पाहिलं. ऋचा खाली बघायला लागली. काल ग्रेस जे विचारत होती ते हेच होतं. ग्रेस रागावली नाही. रागावली असती तर परवडलं असतं. ती सावकाश सांगत राहिली आणि ऋचा मराठीत आणत राहिली. पान झाडाचं, झाड जागेचं, जागा माणसांची. दुसऱ्याच्या जागेत जायचं तर आधी बाहेरून हाक मारायची, आपण कोण ते सांगायचं, मग पुढे व्हायचं. "ही माझ्या आईची चटई आहे," ती म्हणाली. "तिच्यात न विचारलेलं पान मी घालू शकत नाही. मला तिथे घेऊन चल."

मंगळवारचा दिवस गेला होता आणि हातात वैध असं एक पातंही नव्हतं. संध्याकाळी मी ऋचाकडे धुसफुसत बसले. एवढा कसला सोवळेपणा? केवड्याला कोण विचारतं? पण माझ्या हातावरचे ओरखडे चुरचुरत होते, आणि पोटात कुठेतरी ठाऊक होतं की बाई बरोबर आहे. चौतीस वर्षं मी पोरींकडून लोकांच्या कुंपणावरचं काय काय आणवलं होतं. 'शाळेसाठी' म्हटलं की कोणी विचारत नसे, आणि आम्हीही विचारत नव्हतो.

बुधवारी तिघी निघालो. मोळी माझ्या डोक्यावर आणि चादरीत गुंडाळलेली चटई ग्रेसच्या कुशीत. बोटीत ग्रेसने खाडीच्या पाण्यात हात घातला, ओल्या हाताने कपाळ पुसलं आणि स्वतःशी काही पुटपुटली. वाड्याच्या तोंडाशी ती थांबली. पुढे पाऊल टाकेना. मग मीच हाक मारली, "कोण आहे का घरात?"

आत जे होतं ते बाहेर आलं. सत्तरीची, ठेंगणी, ठसठशीत कोळीण, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नाव मंजुळाबाय, हे नंतर कळलं. तिची नजर आधी माझ्या डोक्यावरच्या मोळीवर गेली.

"कोनी कापला माजा केवरा?"

मी मोळी खाली ठेवली. "मी. काल कापला. विचारायचं सुचलं नाही. चुकलं माझं."

"सुचला नाय? येवरी मोठी बाय, नि इचारायचा सुचला नाय?" ती बांधाकडे हात करून तडतडायला लागली. "माजे नवऱ्यानी लावलेला यो केवरा. भरतीचा पानी बांध खातंय. याची मुळां बांध धरून ठेवतान. शेंडा उरवला का झार मरतंय, ठाव हाय?"

ठाऊक नव्हतं. मोळीशेजारी उभी राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांना उभं केलेली बाई मी. त्या दिवशी अंगणात, तीन शेजारणींच्या देखत, माझी शाळा भरली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते मी चांगलं अनुभवलं.

मंजुळाबाय दम खायला थांबली तेव्हा ग्रेस बोलली. ती कुठून आली, तिचा समुद्र कुठला, तिची आई कोण, आधी हे सगळं, ऋचाच्या मराठीतून. मग तिने अंगणात चादर उलगडली.

मंजुळाबाय वाकली. चटईचं रंगीत अंग बघायच्या आधी तिने कड उचलून मागची बाजू पाहिली, जाळं घेताना गाठ बघतात तशी. बोटांनी चाचपत मध्यापर्यंत गेली.

"यी गाठ मना येत नाय," ती शेवटी म्हणाली. तिच्या तोंडून हे निघालं तेव्हा शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. "कोनी केली?"

"हिच्या आईनं," ऋचा म्हणाली. "तिला आता दिसत नाही. ही पुरी झाली नाही तर कुणाला दाखवता येणार नाही. म्हणून पानं मागायला आलोय."

मंजुळाबायने चटईची कड पुन्हा खाली सारखी केली. मग उठली, पदर कमरेला बांधला. "खारीच्या अंगाचा एक पान नाय तोरायचा. आतल्या अंगाचा घ्या, मी दाखवतंय तिथलाच. आनि पुरी झाली का मना दाखवायची. फोटो नाय. खरी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नि यो तू कापलेला पन ने. मेलेला झार फुकट कशाला घालवायचा?"

ग्रेसला अर्थ सांगायची गरज पडली नाही. तिने दोन्ही हातांनी मंजुळाबायचे हात धरले.

पुढचे दोन तास मी जे शिकले ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकले नव्हते. शेंडा कापायचाच नसतो. मधलं कोवळं, उभं पान तेवढं धरून खेचायचं. झाडाला कळतही नाही. मंजुळाबायने नारळ काढायची आकडी आणली आणि ग्रेसने उंचावरची पानं अशी अलगद काढली की काटा कुणालाच लागला नाही. मग पानाच्या कडांचे काटे सोलायचे, मधली शीर काढायची, आणि अंगठ्याच्या नखाने पान जाडीतून दुभागायचं. एका पानाची दोन पातळ पाती. माझी पहिली सात पानं फाटली. मंजुळाबायला तिसऱ्याच पानाला जमलं. ती माझ्याकडे बघून नुसती हसली. मला ते अजून झोंबतं.

दुपारी तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि ओल्या बोंबलांचं कालवण वाढलं. ग्रेस तीन भाकऱ्या जेवली. "आमच्याकडे मासे असेच खातात, फक्त तिखट विसरतात," ती डोळे पुशीत म्हणाली.

पाती वाळवायला ऋचाच्या इमारतीची गच्ची घेतली. ऑक्टोबरच्या उन्हाला सगळे शिव्या देतात, पण मी त्याला हात जोडले. गुरुवारी दुपारपर्यंत पाती खडखडीत वाळली. आता रंगवायला मोठं पातेलं हवं. ते गणपतीच्या महाप्रसादाचं, सोसायटीच्या खोलीत कुलूपबंद. सेक्रेटरी शहाभाईंनी किल्ली हातात धरून विचारलं, "मावशी, ह्याच्यात मच्छी-बिच्छी नाय ना शिजवणार?"

"पानं शिजवणार आहोत."

"पानं? खाणार?"

"नाही. विणणार."

त्यांनी किल्ली दिली आणि स्वतः वर बघायला आले. त्यांच्यामागून चौथा मजला, मग तिसरा. रंगाची मुळं विमानतळावर पडली होती, म्हणून मी हळद काढली. पातेल्यात पाती पिवळीधमक झाली. ग्रेस म्हणाली, तांबडा करायला आम्ही राख घालतो. मी म्हटलं, थांब. अर्धी पाती दुसऱ्या भांड्यात घेतली आणि वर विड्याच्या पानाचा चुना कालवून ओतला. बघता बघता पिवळ्याचा कुंकवासारखा तांबडा झाला. ग्रेस एवढ्या मोठ्याने ओरडली की समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत आले. शहाभाईंनी टाळ्या वाजवल्या. हळदीचा रंग उन्हात उडतो हे मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं. ती म्हणाली, "आमचाही उडतो. चटई म्हातारी होते, आपणही होतो."

शुक्रवारी सकाळी दालनात विणकाम सुरू झालं. ग्रेस मांडी घालून बसली आणि तिची बोटं चालू लागली. मी आणि ऋचा पाती भिजवून, निवडून हातात देत होतो. संध्याकाळी दोन बोटं भरली. शनिवारी सकाळी तिसरं चालू झालं, आणि अकराच्या सुमारास ग्रेसने पाठ धरली. तिच्या बोटांची पेरं सुजली होती. घड्याळाकडे कोणीच बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते.

"टीचर," ती म्हणाली, "बैस इथे."

"मी? तुझ्या आईच्या चटईत?"

"चार दिवस पानं सोलतेयस. बैस."

बसले. एक पातं पुढून, एक मागून, मध्ये पीळ. पहिले दहा टाके तिने बघितले, दोन उसवायला लावले, मग मान हलवून ती जमिनीवर आडवी झाली. मी विणत राहिले. एक फेरा पुरा केला. मग ग्रेस उठली आणि उरलेलं तिने एकटीनं भरलं. चार वाजून गेल्यावर तिने शेवटची टोकं आत दुमडली, चटईवरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "झाली."

ऋचा रडायला लागली. मीही. उगाच कशाला लपवू?

सहाला दार उघडलं. मधल्या भिंतीवर सूर्यासारखी चटई. काठाला आमची हळद आणि आमचं कुंकू. खालची पाटी ऋचाने छापलेली होती, ती ग्रेसने काढायला लावली. त्या जागी ऋचाच्या हाताने नवी लिहिली: आधी आईचं नाव, मग ग्रेसचं, आणि खाली, 'केवडा मंजुळाबायच्या बांधावरचा, गोराई.'

आणि मंजुळाबाय आली. जरीची साडी, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, मागे वाड्यातल्या सहा बाया. दालनातल्या पुढारलेल्या मंडळींना बाजूला सारत ती थेट भिंतीपाशी गेली. पाटी नातीकडून दोनदा वाचून घेतली. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "यो केवरा माजा!" अख्ख्या दालनाने टाळ्या वाजवल्या. ग्रेसने फोन लावून टाळ्यांच्या दिशेने उंच धरला. पलीकडे तिची आई ऐकत होती. म्हातारी काय म्हणाली ते आम्हाला कळलं नाही. ग्रेस फोन कानाला लावून हसत होती आणि डोळे पुसत होती.

रविवारी मी वेंगुर्ल्याची बस धरली. घरी आल्यावर खाडीकडे गेले तर केवडा तिथेच होता, माझ्या जन्माआधीपासून असेल तसा. बांध गावकर कुटुंबाचा. त्यांच्या सुनेला जाऊन विचारलं, चार कोवळी पानं काढू का? ती बघतच राहिली. "बाई, केवड्याच्या पानाक कोण इचारता?" म्हणाली. पण घरातली आकडी घेऊन तीही माझ्याबरोबर आली. आता दर गुरुवारी आम्ही पाचजणी बसतो. अजून तरी चटई झालेली नाही, टोपलीवरच अडलोय.

ग्रेसची चटई प्रदर्शन संपल्यावर निघाली आणि त्यांच्याकडच्या तपासणीत अडकून, कसलीशी धुरी घेऊन, पुष्कळ आठवड्यांनी घरी पोचली. गेल्या महिन्यात तिचा निरोप आला. ऋचाने मराठी करून पाठवला, तो ग्रेसच्याच शब्दांत:

चटई आईच्या मांडीवर ठेवली. आईने मधोमध बोट टेकवलं आणि एकेक फेरा चाचपत बाहेर निघाली. स्वतःचे फेरे संपले, माझे लागले, तेव्हा नुसती हुंकारली. कडेजवळ आली आणि एका फेऱ्यावर थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा पुढे आली. म्हणाली, 'हा तुझा हात नाही. कोण आहे ही? फार घाईची बाई दिसते.' मी म्हटलं, 'आई, उसवून नीट करू का?'

'नको,' आई म्हणाली. 'एवढ्या लांबून आलीय. राहू दे तिला.'